भोगवटादाराचा रकाना

स्मरणिकेची बाकी सगळी पानं छापखान्यात गेली होती. राहिलं होतं ते बंगल्याचं.

चन्नवीर तेरणींची जन्मशताब्दी पंधरा दिवसांवर आली होती. शाहूपुरीच्या गूळ बाजारात त्यांच्या अडतीचं नाव तीन पिढ्या चाललं होतं. आता त्यांच्या नावाचं सभागृह समाजाच्या बोर्डिंगात उभं राहिलं होतं, आणि उद्घाटनाला स्मरणिका निघायची होती. थोरला मुलगा ईरण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचा. त्याचा एकच हट्ट होता. बिद्रीकडच्या रस्त्याला, दूधगंगेकाठच्या टेकाडावर आपला बंगला होता, तो स्मरणिकेत पाहिजे. बंगल्याचा एक फोटोही घरात उरला नव्हता. त्र्याऐंशी साली पावसात भिंती खचल्या आणि अप्पांनी, म्हणजे चन्नवीरांनी, तो उतरवून घेतला, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. ईरण्णाला मात्र तिथले लहानपणीचे उन्हाळे आठवत. लांबलचक व्हरांडा, मागचं रामफळाचं झाड, दुपारी गार फरशीवर आडवी झालेली आई.

काम शांभवीकडे आलं. ती ईरण्णाच्या सावत्र भावाची, महांतेशची मुलगी. शिकून आर्किटेक्ट झाली होती आणि जुन्या इमारती मोजायचं तिला वेड होतं. "पाया तर असंल की तिथं. पायावरनं बंगला काढून दे मला," दोडप्पा तिला म्हणाला होता. थोरल्या काकाला ती लहानपणापासून दोडप्पाच म्हणायची.

पायावर ऊस उभा होता. शेत आता दुसऱ्याचं होतं. कारखान्याची तोड येईपर्यंत ती थांबली आणि ऊस निघाल्यावर टेप घेऊन उतरली. जोत्याचे दगड जागेवर होते. मग तिने कागद शोधायला घेतले. बंगला एकोणीसशे एकतीसचा, संस्थानातल्या एका इंजिनिअरने बांधलेला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वळिवड्याच्या निर्वासित छावणीतली एक पोलिश मास्तरीण दोन उन्हाळे तिथे भाड्याने राहिली होती. बावन्न साली चन्नवीरांनी तो विकत घेतला. एकसष्टपर्यंत तेरणी कुटुंब दर मे महिन्यात तिथे जायचं. त्यानंतर, घरात सांगत तसं, बंगला कुठल्याशा सरकारी खात्याला भाड्याने दिला होता.

ते खातं कुठलं हे बघायला ती गावच्या ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवकाने घरपट्टीची जुनी रजिस्टरं कपाटावरून काढून दिली. मालकाच्या रकान्यात आजोबांचं नाव होतं. शेजारी भोगवटादाराचा रकाना होता, म्हणजे प्रत्यक्ष घरात राहतो तो माणूस. तिथे खात्याचं नाव नव्हतं. बासष्टपासून त्र्याऐंशीपर्यंत, चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, एकच नाव होतं. गौरव्वा चन्नवीर तेरणी.

गौरव्वा ही चन्नवीरांची पहिली बायको. ईरण्णाची आणि त्याच्या थोरल्या बहिणीची, गंगव्वाची आई. ती एकसष्ट साली मिरजेच्या दवाखान्यात वारली असं घरातलं शेंबडं पोरही सांगत असे. दिवाणखान्यात तिचा हार घातलेला फोटो होता. त्याखालीच शांभवीचा अभ्यास झाला होता.

शांभवीला आधी वाटलं, कारकुनाची चूक असेल. ग्रामसेवक म्हणाला की, वाटेवर तानाबाई राहते, तिचा बाप आकाराम बंगल्यावर राखणीला होता, तिला विचारा. तानाबाई पासष्टीची, शेळ्या राखणारी बाई. तिने पावणीला गूळपाणी दिलं आणि विचारलेलं सगळं सांगितलं. विचारलं नव्हतं तेही सांगितलं. परतताना शांभवीने कागलच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

तिने ते फक्त वडिलांना सांगितलं. महांतेश ऐकत गेला तसा त्याचा चेहरा बारीक होत गेला. त्याच्या आईशी, शांतव्वाशी, अप्पांनी बासष्ट साली लग्न केलं होतं. पहिली जिवंत होती तर मग ते लग्न कसलं, हे त्याला कुणी वकिलाने सांगायची गरज नव्हती. "त्या पानावर फक्त नकाशा दे," तो म्हणाला. "खाली लिही, इंजिनिअरनं बांधला, अप्पांनी घेतला, पावसात पडला. बास." मग त्याने निपाणीला फोन लावून गंगव्वाला बोलावून घेतलं. ईरण्णा अक्काचा शब्द मोडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. अक्काला का बोलावतोय ते मात्र त्याने फोनवर सांगितलं नाही.

शांभवीने वडिलांना अर्धंच सांगितलं होतं. अक्काचं सांगितलं नव्हतं. आणि एकोणऐंशी सालचं तर कुणालाच नाही.

*

रविवारी सकाळी ताराबाई पार्कातल्या ईरण्णाच्या घरी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. ईरण्णाची सून प्रेरणा चहा ठेवून आत गेली. ऐंशी वर्षांची गंगव्वा खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. महांतेश खिडकीशी उभा.

ईरण्णाने चष्मा पुसला आणि बोट ठेवून बंगल्यात शिरला. हा व्हरांडा. ही मधली खोली, इथे झोपाळा होता. हे स्वयंपाकघर, इथून मागच्या दाराने रामफळाकडे जाता यायचं. त्याचं बोट खरंच चालत होतं. सहा महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस नऊ वर्षांच्या पोरासारखा या खोलीतून त्या खोलीत पळत होता. शांभवीला त्याच्याकडे बघवेना.

मागच्या बाजूला बोट थांबलं.

"ही खोली कसली? ही नव्हती."

शांभवी म्हणाली की ती नंतरची आहे. बाकी सगळं जोतं चुन्यातलं, एवढ्याच खोलीला सिमेंट वापरलंय.

"हिला घरात यायला दारच न्हाई की."

"नाही. दार बाहेरून आहे. मोरी पण स्वतंत्र."

महांतेश खिडकीशी उभ्यानेच म्हणाला, सरकारी खात्याने बांधली असेल, गोडाऊन वगैरे. ईरण्णाने मान हलवली नाही. गोडाऊनला मोरी कशाला, एवढं त्याला कळत होतं. आयुष्यभर गोदामांतच गेलं होतं त्याचं. त्याने चष्म्यावरून पुतणीकडे बघितलं. "शांभवी, पंचायतीत गेलतीस न्हवं? कोण ऱ्हात हुतं तिथं?"

शांभवीने वडिलांकडे बघितलं. मग आत्तीकडे. गंगव्वाच्या हातातली बशी टेबलावर गेली होती. तिने एकदा नकाशातल्या त्या चौकोनाकडे पाहिलं. ऐंशी वर्षांच्या बाईला नकाशा वाचता येत नव्हता, पण कुठल्या खोलीबद्दल बोलणं चाललंय ते तिला समजलं होतं.

"पोरीला कशाला इचारतोस," ती म्हणाली. "अव्वा ऱ्हात हुती तिथं."

*

ईरण्णाला आधी वाटलं, अक्का आईच्या जुन्या उन्हाळ्यांबद्दल बोलते आहे. मग तिने वर्ष सांगितलं.

एकसष्ट साली तो अकरा वर्षांचा होता आणि बेळगावला बोर्डिंगात होता. अप्पा तिथे आले, हेडमास्तरांच्या खोलीत त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं की अव्वा गेली, मिरजेलाच माती दिली. त्याने विचारलं होतं, मला का नाही नेलं. अप्पा म्हणाले, परीक्षा होती. त्या दिवशी दुपारी बोर्डिंगात शेंगदाण्याची चटणी होती. तो ती जेवला होता. पुढे आयुष्यभर त्याला त्या जेवणाची लाज वाटत आली.

गंगव्वा सांगत होती ती हळू, न अडखळता, इतकी वर्षं मनात पाठ करून ठेवल्यासारखं. अव्वाच्या अंगावर आधी डाग उठले. मग बोटं बधिर झाली, चुलीवर भाजलं तरी कळेना. मिरजेच्या डॉक्टरांनी रक्तपिती, म्हणजे महारोग, सांगितला. अप्पांनी तो कागद तिथेच फाडला. गुळाचा धंदा. ज्यांच्या घरात रक्तपिती, त्यांच्या पेढीवरचा गूळ देवाच्या नैवेद्याला कोण घेईल? आणि घरात सतरा वर्षांची मुलगी लग्नाची. अप्पांनी एका आठवड्यात मागची खोली बांधून घेतली, अव्वाला बंगल्यावर नेऊन सोडलं आणि कोल्हापुरात येऊन ती वारली म्हणून सांगितलं. आकाराम राखणीला, त्याची पोर भाकरी न्यायला. औषध आणायला अप्पा स्वतः जायचे. गावाने तोंड उघडलं नाही, कारण गावाची अर्धी गुऱ्हाळं अप्पांच्या पेढीवर चालत होती.

"तुला कवा कळलं?" ईरण्णाने विचारलं.

"पहिल्यापास्नं. मी घरातच हुते की."

तो अक्काकडे बघत राहिला. आई गेल्यावर ज्या बहिणीने त्याची बेळगावहून आलेली मळकी कापडं धुतली, तिच्या लग्नात जो रडून आजारी पडला, जिच्या शब्दाबाहेर त्याने कधी पाऊल टाकलं नाही, ती ही बहीण. दर वर्षी अव्वाच्या पुण्यतिथीला तो फोटोला हार घालायचा. अक्का निपाणीहून यायची आणि नेमकी त्या वेळी स्वयंपाकघरात जायची. तो समजत असे, तिला सोसत नाही.

"म्हंजे मी हार घालत हुतो," तो म्हणाला, "तवा ती जित्ती हुती."

"बावीस वर्षं. त्र्याऐंशीत गेली. मागं रामफळाच्या बुडात माती दिली. मी हुते. अप्पा हुते. पंधरा दिवसांत त्यांनी बंगला पाडला. पावसानं न्हवं. चौकटी, वासे, समदं जाळलं. गावानं फुकट बी नेलं नसतं."

ईरण्णा उठला. नकाशा त्याच्या हाताने सरकला आणि चहा टेबलावर सांडला. तो पुसायला प्रेरणा धावली, त्याने तिला हातानेच थांबवलं. मग तो बोलायला लागला, आणि त्याचा आवाज चढला नाही, हेच शांभवीला भयानक वाटलं. त्र्याऐंशीत तो तेहतीस वर्षांचा होता, असं तो म्हणाला. बायको होती, पोरं होती, गाडी होती. पाऊण तासाचा रस्ता होता. रक्तपितीला गोळ्या निघाल्या होत्या, माणसं बरी होत होती. शहाण्णव साली अप्पाही गेले. त्याच्यानंतरही अठ्ठावीस वर्षं गेली. या अठ्ठावीस वर्षांत अक्का इथे जेवायला शंभर वेळा आली असेल.

"कुणाला भीत हुतीस तू? अप्पा मेल्यावर कुणाला?"

गंगव्वा म्हणाली, अव्वानेच शपथ घातली होती. ईरूला सांगू नकोस, तो पळत येईल आणि गळ्यात पडेल, असं ती म्हणायची. पोराला रोग लागेल याचंच तिला भ्या.

"ती मेल्यावर शपथ कसली?"



 महांतेश खिडकीपासून पुढे आला आणि म्हणाला की झालं ते झालं, अण्णा, अक्काचं वय बघा, आणि पंधरा दिवसांवर कार्यक्रम आहे. हे पान काढून टाकू. घरातलं घरात राहू दे.

"तुला बरं हाय," ईरण्णा म्हणाला. "तुझी आई राणीगत माडीवर ऱ्हायली. माझी मोरीशेजारी. तू कशाला पान ठेवशील?"

महांतेशचा चेहरा पांढरा पडला. साठीला आलेला माणूस, पण सावत्र या शब्दाचा काटा त्याच्या अंगातून कधी निघाला नव्हता, आणि आज पहिल्यांदाच थोरल्या भावाने तो मुद्दाम दाबला होता. शांभवी वडिलांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. एवढे महिने ती दोडप्पासाठी खपली होती.

*

गंगव्वाने तिथेच थांबायला हवं होतं. पुढे गाडीत तिलाही ते कळलं.

पण ईरण्णा तिच्या समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू भिऊन गप बसली न्हाईस अक्का. तुला तुझं लगीन मोडायचं न्हवतं. मग तुझ्या पोरींची. तू अव्वाला इकलीस."

तिने लग्नानंतर दर वर्षी काय केलं होतं ते त्याला माहीत नव्हतं. माहेरी जाते म्हणून निपाणीहून निघायचं, कागलला एसटी बदलायची, टेकाड पायी चढायचं. पायरीखाली उभं राहायचं, कारण अव्वा वर येऊ द्यायची नाही. लुगडं, साबण, पोरांचे फोटो पायरीवर ठेवून मागे सरायचं, मग अव्वा यायची आणि दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून ते उचलायची. बोटं गेली होती. वीस वर्षं. एकदाही आईच्या अंगाला हात लागला नाही. नवऱ्याला कळलं असतं तर त्याने घरात घेतलं नसतं. हे सगळं तिने गिळलं, आणि हा म्हणतो, विकलीस.

"मी इकली," गंगव्वा म्हणाली. "आणि तू काय केलंस? एकोणऐंशीला जीप घिऊन टेकाडावर कोण गेलतं?"

"आत्ती, नको," शांभवी म्हणाली.

गंगव्वाने तिच्याकडे बघितलं. म्हणजे पोरीलाही माहीत होतं. पण आता तिला थांबता येईना.

"कोंबड्यांची शेड घालायची हुती न्हवं तुला तिथं? बंगला रिकामा आसंल म्हणून अप्पास्नी न सांगता जागा बघायला गेलतास. व्हरांड्यात एक बाई बसलीवती, पदर तोंडावर. तू पायरीखालनंच वरडलास, ह्या रक्तपितीवालीला कुणी ठेवलं हितं. आजच्या आज हाकला. हिची भांडी बी जाळून टाका. कोण बाई हुती ती? तूच सांग."



ईरण्णाला आठवत होतं. तेच वाईट होतं, सगळं आठवत होतं. मे महिना, तापलेली जीप, पदराआडून त्याच्याकडे वळलेलं तोंड आणि मांडीवर ठेवलेले बिनबोटांचे हात. बाई काही बोलली नव्हती, नुसती उठून उभी राहिली होती. त्याला शिसारी आली होती. घरी येऊन तो साबण लावून न्हाला होता आणि मगच त्याने धाकट्या मुलीला उचललं होतं. रात्रीच्या जेवणाआधी त्याने अप्पांना सांगितलं की आपल्या बंगल्यात कुणी महारोगी बाई घुसली आहे. अप्पा पाय धूत होते. ते म्हणाले, "बघतो." पोल्ट्रीचं पुढे राहून गेलं.

तो खुर्चीत बसला.  प्रेरणाने पाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही. गंगव्वा उठून त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवायला वाकली. त्याने मान बाजूला घेतली, सावकाश, कुणाला दिसू नये अशी. सगळ्यांना दिसली.

जेवायला कुणी बसलं नाही.

*

निपाणीला महांतेशनेच तिला पोहोचवलं. ईरण्णा खोलीतून बाहेर आला नाही. आजवर अक्का निघाली की तो फाटकापर्यंत यायचा आणि गाडी वळेपर्यंत उभा राहायचा.

हायवेला लागल्यावर महांतेशने गाडीची काच वर केली. मागची चाळीस वर्षं अक्का त्याच्या गाडीत अशी एकटी कधी बसली नव्हती. ती ईरण्णाची बहीण होती. याच्याशी ती गोड बोलायची, पोरीला आहेर करायची, पण आली की उतरायची ईरण्णाकडे. आज तिच्या बाजूला या सावत्र भावाखेरीज कुणी उरलं नव्हतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. त्यात आनंद कुणालाच नव्हता.

कागल मागे पडल्यावर त्याने विचारलं.

"अक्का, माझ्या आईला ठावं हुतं?"

गंगव्वा खिडकीबाहेर बघत होती. शांतव्वाला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. सत्तर साली मिरजेचा डॉक्टर अप्पांना म्हणाला होता की रोग संपलाय, आता हिच्यापासून कुणाला काही होत नाही, घरी न्या. तेव्हा अप्पांचं मन हललं होतं. गंगव्वा त्या दिवशी कोल्हापुरातच होती. माडीवर शांतव्वा पाच वर्षांच्या महांतेशला कडेवर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली की ती या दारातून आत आली, तर मी या पोराला घेऊन रंकाळ्यात उडी घेईन. त्यानंतर अव्वा तिथे आणखी तेरा वर्षं राहिली.

सकाळी खरं बोलून काय झालं, ते गंगव्वाने बघितलं होतं. अजून तिच्या हाताला ईरण्णाची बाजूला गेलेली मान जाणवत होती.

"न्हाई," ती म्हणाली. "तुझ्या आईला कायबी ठावं न्हवतं. ती बिचारी साधी हुती."

महांतेशने मान हलवली. थोड्या वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. गंगव्वाने ते बघून न बघितल्यासारखं केलं. आता हे एक नवीन तिच्याजवळ राहणार होतं, आणि ते सांभाळायला तिच्याजवळ फार वर्षंही नव्हती.

*

बंगल्याचं पान स्मरणिकेत आलं नाही. ईरण्णा म्हणाला होता, छापायचं तर मागच्या खोलीवर नाव घालून छाप. महांतेश म्हणाला, नाव घालून नाही. शेवटी शांभवीने नकाशा दोघांनाही दिला नाही. त्या जागी एका खत कंपनीची जाहिरात गेली.

उद्घाटनाच्या दिवशी बोर्डिंगात मोठी गर्दी झाली. स्वामीजी आले, आमदार आले, चन्नवीरांच्या दानशूरपणावर चार भाषणं झाली. व्यासपीठावर घरचा म्हणून महांतेश एकटाच होता. गंगव्वा आली नाही, तिला ताप होता म्हणे. थोरले मालक कुठे आहेत, असं लोक विचारत होते. महांतेश म्हणत होता, गुडघ्याचा त्रास आहे.

त्या वेळी ईरण्णा शांभवीच्या गाडीतून बिद्रीच्या रस्त्याने चालला होता. तोच तिला सकाळी फोन करून म्हणाला होता, मला तेवढं टेकाडावर ने.  शेताच्या बांधावर उतरून त्याने काठीने जोत्याचे दगड टोचून पाहिले. तोडलेल्या उसाच्या खोडव्याचे कोंब गुडघ्याएवढे आले होते. रामफळ कुठे होतं ते शांभवीने पावलं मोजून दाखवलं. तिथेही ऊसच होता. तो टोपी काढून थोडा वेळ उभा राहिला. रडला नाही. त्याला रडायला आलं असतं तर बरं, असं शांभवीला वाटत राहिलं.

मग तो म्हणाला, आकारामच्या पोरीकडं जाऊया.

तानाबाईने त्याला ओळखलं. घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. तिने राग धरला नाही, की जास्त मानही दिला नाही. शेळ्यांना पाला टाकत टाकत ती बोलत होती. आज्जी, म्हणजे अव्वा, कशी होती, सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय चहा घेत नव्हती, मनगटाला पळी बांधून स्वतःच्या हाताने आमटी ढवळायची. ईरण्णा ऐकत होता. पण तो त्यासाठी आला नव्हता.

"मी एकदा आलतो," तो म्हणाला. "जीप घिऊन."

तानाबाई थांबली. "व्हय. मी हुते की. इस वर्साची हुते."

"मी गेल्यावर ती काय म्हणाली?"

तानाबाईने शांभवीकडे पाहिलं. शांभवीने मान खाली घातली. तिला हे विचारायचं सुचलं नव्हतं, किंवा विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"न्हाई रागावल्या," तानाबाई म्हणाली. "तुमची जीप टेकाड उतरंस्तवर उभ्याच हुत्या. माजा बा म्हणाला, आज्जी, आत चला, उन लागंल. तर म्हणाल्या, थांब, दिसतंय अजून. मग खाली बसल्या. त्या दिशी जेवल्या न्हाईत."

"काय म्हणाली ते सांग."

"एवडंच म्हणाल्या, आवाज अगदी बापासारखा झालाय."

शेळी दावं ओढत होती, तानाबाई तिला आवरायला गेली. ईरण्णाला काहीतरी म्हणायचं होतं. त्याचे ओठ हलले. पण त्या आवाजात त्याला काही बोलता येईना. त्याने शांभवीपुढे हात केला, तिने त्याला उठवलं, आणि गाडीपर्यंत, कोल्हापूर येईपर्यंत आणि घराच्या पायऱ्या चढून आत जाईपर्यंत त्याने तोंडातून शब्द काढला नाही.